भला माणूस, भला राजा? देवासचे तुकोजीराव पवार

नीतिशास्त्र शिकायला लागलं की एक प्रश्न लवकरच समोर येतो. माणूस मनाने चांगला असला, म्हणजे त्याच्या हातून चांगलंच घडेल का? वर्गात या प्रश्नावर आपण ॲरिस्टॉटल, कांट, मिल अशी नावं घेतो, दोन्ही बाजूंनी चार-चार मुद्दे लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण काही माणसांचं अख्खं आयुष्यच या प्रश्नाने व्यापलेलं असतं. माळव्यातल्या देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार हे त्यांपैकी एक. इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते ई. एम. फॉर्स्टरचे मित्र म्हणून ओळखीचे असतात. मराठी वाचकाला मात्र त्यांची ओळख थोडी कमीच आहे. खरं म्हणजे ते आपलेच. मराठी बोलणारे, तुकोबांच्या अभंगांत रमणारे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई.

आधी देवासविषयी थोडं सांगायला हवं. आज आपण देवास म्हटलं की कुमार गंधर्व आठवतात, आणि ती टेकडी. चामुंडा मातेची. अठराव्या शतकात पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळात मराठी फौजा माळव्यात उतरल्या, त्यात पवार घराण्यातले तुकोजी आणि जिवाजी हे दोन भाऊ होते. शेजारचं धार संस्थानही याच पवारांच्या दुसऱ्या शाखेचं. देवासचा मुलूख दोघा भावांनी मिळून सांभाळला आणि पुढे त्याच्या दोन वाटण्या झाल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गंमत अशी, की शहर एकच राहिलं, आणि त्या एकाच शहरात दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार! शहरातल्या रस्त्याच्या एका बाजूला एका महाराजांचा अंमल, तर दुसऱ्या बाजूला दुसऱ्यांचा. १८१८ साली दोघांनीही इंग्रजांशी तह केला आणि ही व्यवस्था पुढे सव्वाशे वर्षं तशीच चालली. थोरल्या पातीचा मुलूख साधारण साडेचारशे चौरस मैलांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने एखाद्या मध्यम तालुक्याएवढा.

अशा या छोट्याशा राज्याच्या गादीवर १८९९ मध्ये अकरा वर्षांचा एक मुलगा दत्तक म्हणून बसला. त्याचं मूळ नाव केशवराव. जन्म १८८८ चा. गादीवर आल्यावर तो तिसरा तुकोजीराव झाला. राजा अल्पवयीन असल्यामुळे कारभार अर्थातच इंग्रजांच्या देखरेखीखाली होता. तरुण वयात त्याला शिकवायला माल्कम डार्लिंग नावाचा एक इंग्रज अधिकारी आला. डार्लिंग केंब्रिजचा पदवीधर, आयसीएसमध्ये नुकताच दाखल झालेला, स्वभावाने मोकळा. गोरा अधिकारी आणि देशी राजा यांच्यात तेव्हा जे अंतर असायचं, ते या दोघांत फार काळ टिकलं नाही. शिष्य बुद्धिमान होता, विनोदी होता, आणि माणसावर जीव लावणारा होता. ही मैत्री शेवटपर्यंत राहिली.

१९०८ मध्ये तुकोजीरावांचं लग्न झालं. वधू कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांची कन्या राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब महाराज. मराठा संस्थानिकांत यापेक्षा मानाची सोयरीक त्या काळी शोधून सापडली नसती. १९१० साली मुलगा झाला, विक्रमसिंह. बाहेरून पाहिलं तर सगळं छान चाललं होतं. पण काही वर्षांतच पतिपत्नींचं बिनसलं. अक्कासाहेब कोल्हापूरला माहेरी गेल्या त्या परत देवासला नांदायला आल्या नाहीत. चूक कोणाची, याचा निवाडा आज शंभर वर्षांनंतर आपण करू नये. एवढं मात्र खरं, की या घटनेने देवास आणि कोल्हापूर यांच्यात कायमची तेढ आली आणि तुकोजीरावांच्या मनात संशयाने घर केलं. कोल्हापूर आपल्या वाईटावर आहे, ही भावना त्यांना पुढे कधीच सोडून गेली नाही.

१९१२ च्या नाताळात डार्लिंगचा एक मित्र देवासला पाहुणा म्हणून आला. तो म्हणजे ई. एम. फॉर्स्टर, तेव्हा तेहेतीस वर्षांचा, इंग्लंडात नाव झालेला कादंबरीकार. महाराजांनी त्याला असं काही आपलंसं केलं, की तो देवासला कधी विसरला नाही. १९२१ मध्ये तो पुन्हा आला, तो सुमारे सहा महिन्यांसाठी, महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून. या मुक्कामात त्याने घरी लिहिलेली पत्रं पुढे १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' या नावाने पुस्तकरूपात आली. हे नाव त्याच चामुंडेच्या टेकडीवरून. तुकोजीराव आज जगाला माहीत आहेत ते मुख्यतः या पुस्तकामुळे.

फॉर्स्टरने तिथे काय पाहिलं? दोन गोष्टी पाहिल्या, आणि त्या दोन्ही एकाच माणसाच्या होत्या.

पहिली गोष्ट गोकुळाष्टमीची. महाराज कृष्णभक्त. उत्सव कित्येक दिवस चालायचा. जुन्या वाड्यात रात्रंदिवस भजन, टाळ-मृदंगांचा गजर, फुलांचा आणि बेगडीचा पसारा. या गर्दीत राजा अनवाणी, साध्या कपड्यांत, देवापुढे नाचायचा, गायचा. तुकोबांचं नाव घेताना त्याचं भान हरपायचं. फॉर्स्टर नास्तिकच म्हणावा असा. त्यात तो गोंगाटाला आणि अव्यवस्थेला वैतागलेला. तरीसुद्धा राजाच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नाही, हे त्याला मान्य करावंच लागलं. त्याच्या 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीचा शेवटचा भाग कृष्णजन्माच्या उत्सवावर आहे आणि त्यात प्रोफेसर गोडबोले नावाचा मराठी ब्राह्मण तुकोबांचं भजन गातो. या प्रसंगामागे देवासची ती अष्टमी आहे.

महाराजांची माणुसकीसुद्धा देखावा नव्हती. एक उदाहरण फॉर्स्टरच्याच आयुष्यातलं. तो समलिंगी होता, आणि इंग्लंडच्या त्या वेळच्या कायद्याने तो गुन्हा होता. देवासमध्ये असताना त्याच्याविषयी कुजबुज होईल अशी वेळ आली, तेव्हा त्याने घाबरत घाबरत महाराजांना सगळं सांगून टाकलं. १९२१ साल लक्षात घ्या. त्याला वाटलं होतं, आता आपली पाठवणी होणार. तसं झालं नाही. महाराजांनी त्याला ना झिडकारलं, ना उपदेश केला. मित्र अडचणीत आहे एवढंच पाहिलं आणि त्याला सांभाळून घेतलं. इंग्लंडमध्येसुद्धा फार थोड्या लोकांनी त्याच्याशी असा व्यवहार केला असता.

आता दुसरी गोष्ट. फॉर्स्टर चिटणीस म्हणून बागा, मोटारी, विजेची यंत्रणा असल्या खात्यांवर नजर टाकू लागला आणि चक्रावूनच गेला. नवा राजवाडा वर्षानुवर्षं बांधला जात होता, पुरा काही होत नव्हता. एका बाजूने काम चालू, दुसऱ्या बाजूने झालेलं काम ढासळतंय. हौसेने मागवलेले पियानो उन्हापावसाने फुटून पडलेले. विजेसाठी आणलेली महागडी सामग्री न वापरता गंजलेली. हिशेब कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कोणालाच सांगता येईना. महाराजांना कोणाला नाही म्हणवत नसे. मागेल त्याला मिळे, आलेला राहून जाई, ठेवलेला नोकर निघत नसे. आणि हे सगळं ज्या पैशावर चालायचं, तो पैसा यायचा मुख्यतः शेतसाऱ्यातून, म्हणजे माळव्याच्या काळ्या मातीत राबणाऱ्या कुणब्यांकडून.

न्यायाने बोलायचं तर त्यांच्या बाजूनेही काही सांगायला हवं. माळव्यातल्या संस्थानांना पूर्वी अफूच्या व्यापारातून चांगलं उत्पन्न असे. चीनला जाणारी अफू टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि तो झरा आटला. शिवाय इतक्या लहान राज्याने मोठ्या संस्थानांसारखा डामडौल राखायचा, व्हाइसरॉय आला तर तोफा, हत्ती, मेजवान्या करायच्या, ही अपेक्षा इंग्रजांनीच वाढवलेली. पण एवढं मान्य केल्यावरही मूळ गोष्ट राहतेच. राज्याचं कर्ज वाढत होतं, आणि राजाला ते दिसत नव्हतं. किंवा दिसत असून बघवत नव्हतं.

इथे योगायोग पाहण्यासारखा आहे. महाराजांचे शिक्षक माल्कम डार्लिंग नंतर पंजाबात गेले आणि त्यांनी शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाचा अभ्यास केला. १९२५ मध्ये आलेलं त्यांचं पंजाबी शेतकऱ्याची सुबत्ता आणि कर्ज या विषयावरचं पुस्तक आजही अर्थशास्त्रात महत्त्वाचं मानतात. कर्ज माणसाला कसं गिळतं, हे ज्याने जगाला समजावलं, त्याचाच लाडका शिष्य तिकडे देवासमध्ये कर्जात बुडत होता. शिक्षकाने शिष्याला मैत्री दिली, इंग्रजी दिलं, जगाची ओळख दिली. वही-खात्याची सवय मात्र लागायची राहून गेली.

१९२७ च्या अखेरीस मोठा आघात झाला. युवराज विक्रमसिंह, ज्यांचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, देवास सोडून निघाले आणि इंदूरला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. वडिलांपासून आपल्या जिवाला धोका आहे, अशी त्यांची तक्रार होती. महाराजांच्या मते हे सगळं कोल्हापूरचं कारस्थान होतं. फॉर्स्टर आणि डार्लिंग यांनी मित्राची बाजू सोडली नाही. आरोप काही सिद्ध झाले नाहीत, पण बभ्रा व्हायचा तो झालाच. बापलेकाची पुन्हा गाठ पडली नाही. ज्या राजाकडे अनोळखी इंग्रज मन मोकळं करू शकत होता, त्याच्याकडे त्याचा स्वतःचा मुलगा निर्धास्तपणे राहू शकला नाही. मला तर या चरित्रातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते.

पुढची पाच-सहा वर्षं उताराची होती. खजिना रिकामा, नोकरांचे पगार थकलेले. १९३३ च्या सुमारास इंग्रज सरकारने कारभारात हात घालायचं ठरवलं. तेव्हा महाराज लवाजमा घेऊन दक्षिणेच्या यात्रेला निघाले आणि फ्रेंचांच्या ताब्यातल्या पाँडिचेरीला जाऊन राहिले. तिथे इंग्रजांचं काही चालत नव्हतं. परत या, म्हणून निरोपावर निरोप गेले. ते आले नाहीत. राज्याचा कारभार सरकारने आपल्याकडे घेतला. १९३७ च्या डिसेंबरमध्ये तिथेच, परक्या मुलखात, पन्नाशीही गाठण्याआधी तुकोजीराव वारले.

त्यांच्यानंतर विक्रमसिंह देवासच्या गादीवर आले. पुढे १९४७ मध्ये ते कोल्हापूरला दत्तक गेले आणि छत्रपती शहाजी महाराज झाले. ज्या कोल्हापूरच्या नावाने बापाने आयुष्यभर धास्ती घेतली, तिथल्याच गादीवर मुलगा बसला. १९४८ मध्ये देवासची दोन्ही राज्यं मध्य भारतात विलीन झाली.

तर असं हे आयुष्य. आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

फॉर्स्टरचं मत काय होतं, ते त्याच्या सगळ्या लेखनातून दिसतं. त्याच्यासाठी माणसामाणसांतलं प्रेम, निष्ठा, मैत्री या गोष्टी राज्य, राष्ट्र, संस्था यांच्यापेक्षा मोठ्या. म्हणून त्याने तुकोजीरावांना माफ करून टाकलं. त्याला वाटलं, या संतवृत्तीच्या माणसाच्या कपाळी राजेपण आलं, हाच काय तो अपघात. फॉर्स्टरच्या जागी उभं राहिलं तर हे पटतं. मित्र असावा तर असा!

पण आपण जरा जागा बदलून पाहू. देवासजवळच्या एखाद्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहू. त्याने भरलेल्या साऱ्यातून पियानो आले आणि सडले. राजा अष्टमीला किती तल्लीन होऊन नाचला, याने त्याच्या गावाला विहीर मिळाली नाही. त्याच्या बाजूने विचार केला, तर महाराजांचं औदार्य दुसऱ्याच्या खिशातलं होतं. आणि दुसऱ्याच्या खिशातलं दिलं तर त्याला दान म्हणायचं का?

हा विचार आपल्याला युरोपातून आयात करायची गरज नाही, तो माळव्यातच सापडतो. होळकरशाहीत 'खासगी' आणि 'दौलत' अशी दोन वेगळी खाती होती. दौलत म्हणजे राज्याचा पैसा, खासगी म्हणजे राणीच्या स्वतःच्या जहागिरीचं उत्पन्न. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या, त्याचा खर्च खासगीतून केला, राज्याच्या तिजोरीतून नव्हे, अशी त्यांची ख्याती आहे. भक्ती त्यांचीही कमी नव्हती. पण भक्ती कुठल्या खात्यातून करायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. महेश्वर काही देवासपासून लांब नाही. तुकोजीरावांना आदर्श शोधायला दूर जावं लागलं नसतं.

आणखी जवळचं उदाहरण म्हणजे त्यांचे सासरे. शाहू महाराजांनाही दुःखितांबद्दल कळवळा होताच. पण त्यांनी तो कळवळा हुकमांत उतरवला. १९०२ मध्ये मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश, राधानगरीचं धरण, सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. राजाची मर्जी त्या दिवशी कशी आहे, यावर गरिबाचं भलं अवलंबून राहू नये, अशी ही व्यवस्था होती. तुकोजीरावांची दया समोर येईल त्याच्यापुरती होती. जो समोर येऊच शकत नव्हता, त्याच्यापर्यंत ती पोचली नाही.

ॲरिस्टॉटलने सद्गुणांच्या यादीत व्यवहारज्ञानाला मानाची जागा दिली आहे. औदार्य म्हणजे नुसतं देणं नव्हे. योग्य माणसाला, योग्य वेळी, योग्य तेवढं देणं. त्याचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ संपता संपता राज्यशास्त्राकडे वळतो, तोही यामुळेच. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९१९ साली म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानात नीतीचे दोन प्रकार सांगितले. एक, आपला हेतू शुद्ध आहे ना, एवढंच पाहणारी. दुसरी, आपल्या कृतीचे परिणाम काय होतील याची जबाबदारी घेणारी. सत्ता हाती घेणाऱ्याला पहिलीवर थांबता येत नाही, असा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर दोनच वर्षांनी फॉर्स्टर देवासला पोचला आणि पहिल्या प्रकारचा एक राजा त्याला तिथे भेटला.

आज राजे गेले, पण प्रश्न काही गेला नाही. आपल्या आजूबाजूला पाहा. पुढारी कसा आहे विचारलं, तर उत्तर येतं, माणूस चांगला आहे हो, दारातून कोणाला परत पाठवत नाही. लग्नाला येतो, मयताला येतो, अडल्यानडल्याला खिशात हात घालतो. हे सगळं खरंही असतं. पण दवाखान्यात डॉक्टर आहे का, शाळेत शिक्षक आहे का, निधी कुठे गेला, हे आपण त्याला विचारत नाही. विचारणं म्हणजे त्याच्या चांगुलपणावर अविश्वास, असं आपल्याला वाटतं. मंडळाच्या वर्गणीपासून स्नेहसंमेलनाच्या खर्चापर्यंत आपला हाच अनुभव. ज्याच्यावर सगळ्यांचा जीव, त्याच्याकडे हिशेब मागायला सगळेच लाजतात. तुकोजीरावांकडेही कोणी मागितला नाही. प्रजेला तो अधिकार नव्हता, दरबाऱ्यांचा त्यात फायदा होता, मित्रांना संकोच होता. इंग्रजांनी मागितला तोवर उशीर झाला होता, आणि त्यांचा हेतूही काही प्रजेचा कैवार घेण्याचा नव्हता.

म्हणून मला वाटतं, हिशेब मागणं हा अविश्वास नाही. चांगल्या माणसाला चांगलं राहायला ती मदत आहे. तुकोजीरावांना वेळेवर कोणी 'महाराज, हे परवडणार नाही' म्हणणारा भेटला असता, आणि त्याचं ऐकणं त्यांना बंधनकारक असतं, तर कदाचित त्यांची भक्तीही टिकली असती आणि राज्यही.

उलट बाजूही विसरून चालणार नाही. आज आपल्याकडे हिशेब आहेत, ऑडिट आहे, ऑनलाइन पोर्टल आहे. पण अडचणीतला माणूस दार ठोठावतो तेव्हा त्याला झिडकारायचं नाही, हे कुठल्या पोर्टलवर शिकायला मिळत नाही. ते तुकोजीरावांना येत होतं. त्या एका रात्री फॉर्स्टरपुढे फॉर्म सरकवणारा नुसता नियमाचा राजा असता, तर एक माणूस मोडून पडला असता. नीतिशास्त्राला या दोन्ही गोष्टी हव्यात आणि त्यांतली एक दुसरीच्या बदल्यात चालत नाही.

देवासला कधी जाणं झालं तर टेकडीवर जरूर जा. वरून आता एकच शहर दिसतं, दोन राज्यांमधली ती सीमा कुठे होती हे कोणाला सांगता येत नाही. त्याच शहरात आज सरकारचा नोटा छापण्याचा कारखाना आहे. तिथे छापलेला कागदन् कागद मोजला जातो म्हणे. ज्या गावच्या राजाला आपली तिजोरी कधी मोजता आली नाही, त्या गावात!